नेमबाजाच्या कोटाची घडी

१

कपाटाला कुलूप होतं, कुलपाला ओरखडा नव्हता, किल्ली शिवणयंत्रामागच्या खिळ्याला होती, कोट जागच्या जागी होता. नव्हती ती फक्त फाईल.

मोठीबाईंनी कपाटात एकदा हात घातला, दुसऱ्यांदा घातला. तिसऱ्यांदा घालणार तेवढ्यात त्यांना जाणवलं की मागे उभा असलेला माणूस मोजतोय. त्यांनी दार आपटलं आणि म्हणाल्या, "बसा. फाईल काय पळून जाणार आहे? तिला पाय आहेत का?"

"पाय नाहीत म्हणूनच भीती वाटते," तो म्हणाला. "पाय नसलेली वस्तू गेली म्हणजे कुणीतरी नेली."

हा वंशावळवाला. काडीसारखा बारीक, खिशात तीन पेनं, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या मागच्या भिंतीकडे बघायची सवय. शहरातल्या नेमबाजांच्या क्लबानं त्याला कामाला लावलं होतं. क्लब नवीन मैदान बांधत होता आणि त्याला नाव द्यायचं होतं सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका नेमबाजाचं. लागोपाठ अकरा वर्षं ढाल जिंकणारा नेमबाज. खरं नाव कागदोपत्री; लोकांच्या तोंडी फक्त 'अचूक'.

अचूक म्हणजे मोठीबाईंच्या नवऱ्याचे आजोबा. सासरे गेले, नवरा गेला, पण त्या नावाचा तोरा मोठीबाईंनी कधी खाली ठेवला नाही. दुकानात कोट शिवायला आलेल्या गिऱ्हाइकाला माप देण्याआधी अचूकचं पुराण ऐकावं लागे, आणि गळ्याभोवती टेप असल्यामुळे त्याला मान हलवायचीही सोय नसे.

फाईल रविवारी घरात आली होती. वंशावळ, क्लबाच्या जुन्या नोंदी, पिवळ्या पडलेल्या बातम्या. घरच्यांनी बघून सही करायची आणि बुधवारी पाचला क्लबाच्या कमिटीपुढे ती जायची. आज मंगळवार. मोठीबाईंनी फाईल उघडली नव्हती. शाळा तिसरीपर्यंत, त्यात जुनी अक्षरं किड्यामुंग्यांसारखी. कुणाकडून वाचून घेणं म्हणजे येत नाही असं कबूल करणं. सोमवारी सकाळी त्यांनी अचूकच्या कोटाखाली फाईल ठेवली आणि कुलूप लावलं.

आरडाओरडा ऐकून वरच्या मजल्यावरून घर खाली आलं. दोघं मुलगे परगावी कामाला, तेव्हा घर म्हणजे तिघंच. थोरली सून, हातात चहाचा कप. धाकटी सून, गळ्यात टेप, बोटाला खडू. आणि मोठीबाईंचे दीर, ज्यांना सगळं घर भाऊजी म्हणे, अगदी सुनासुद्धा; पोस्टातून निवृत्त, काखेत पेपर.

"फोटो तरी काढून ठेवलेत का कागदांचे?" थोरलीनं विचारलं.

"क्लबाच्या दफ्तरात फोटो काढू देत नाहीत. अस्सल कागद माझ्या सहीवर बाहेर आलेत," वंशावळवाला भिंतीला म्हणाला. "माझी नोकरी आहे त्यात."

मोठीबाई ऐकत नव्हत्या. त्या कोटाकडे बघत होत्या. अस्तर बाहेर, खांद्यात खांदा, बाह्या पाठीमागे दुमडलेल्या. खांदे असे भरदार, जणू आत माणूस बसलाय. त्यांनी सोमवारी कोट नुसता आडवा ठेवला होता, फाईलवर पांघरूण घालावं तसा. ही घडी दुसऱ्या कुणाची होती. आणि अशी घडी घालता येणारे हात घरात, त्यांच्या स्वतःच्या हातांशिवाय, एकच जोडी होती. त्यांनीच शिकवलेली.

जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. "धाकटे, फाईल काढ. घडी तुझ्या हातची आहे."

धाकटीनं गळ्यातला टेप काढला, गुंडाळला, टेबलावर ठेवला.

"आई, बारा वर्षं मी या दुकानात कापड कापते. चिंधी उचलून नेली नाही कधी." तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "उद्या संध्याकाळपर्यंत फाईल सापडू दे. नाही सापडली तर मी या घरातून जाते. चोर म्हणून इथला घास माझ्या घशाखाली उतरायचा नाही."

आणि ती जिना चढून गेली. बोटाचा खडू कठड्यावर उमटत गेला.

२

मोठीबाईंना चूक झाली असं वाटायची सवय नव्हती. पण जिन्यावरचं ते दार लागलं, तसं छातीत काहीतरी उसवल्यासारखं झालं. धाकटी गेली तर दुकान गेलं. आणि दुकानाचं एक वेळ सोडा, जेवताना समोर बसून "आई, आज तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?" असं विचारायची हिंमत घरात दुसऱ्या कुणाला होती?

त्यांनी वंशावळवाल्याला खुर्चीत बसवलं, दुकानाचं दार लोटलं, आणि कात्री हातात घेतली. कात्री कशाला, ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण कात्री दिसली की माणूस खरं बोलतो.

"फाईलमध्ये काय होतं?"

"वंशावळ. नोंदी."

"वंशावळ चोरून कुणी काय करणार? तिचा शर्ट शिवणार? खरं सांगा."

त्यानं भिंतीकडे बघितलं. मग आयुष्यात पहिल्यांदा असावं, समोरच्या माणसाकडे बघितलं. "मोठीबाई, तुमच्या घरात काय सांगतात? अचूकनी बंदूक का सोडली?"

"मन भरलं म्हणून. अकरा ढाली जिंकल्या, बाराव्या वर्षी म्हणाले, आता पोरांना जिंकू दे."

"बाराव्या वर्षी ते खेळले," तो हळूच म्हणाला. "आणि हरले. दहा गोळ्यांतल्या सहा चुकल्या. अकरा वर्षांत ज्यांची एक गोळी चुकली नव्हती, त्यांच्या. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत सरळ लिहिलंय की माणूस विकला गेला. मुद्दाम हरला. लोकांनी हुर्यो केली. त्या दिवशी त्यांनी नेम धरताना टेकायचा बाक फिरवून मागितला, तेव्हाच लोक हसायला लागले होते. 'आज बाकसुद्धा वाकडा झाला का' म्हणून. त्यानंतर त्यांनी बंदुकीला हात लावला नाही."

मोठीबाईंच्या हातातली कात्री आपोआप मिटली.

"आणि हे तुम्ही मला न सांगता माझ्या सहीला आणलंत?"

"मला वाटलं, वाचाल. वाचून नाही म्हणाल किंवा सही कराल. दोन्हीत मी सुटलो असतो." तो ओशाळला. "मी कुणापाशी बोललो नाही. पण ज्यानं फाईल उघडली, त्याला पहिल्या चार कागदांतच कळलं असणार."

"अजून काय होतं?"

"एक जुनं चित्र. ढाल घेतानाचं. त्यात बंदूक उजव्या खांद्याला दाखवलीय. चित्रकाराची चूक असावी. तुम्हीच म्हणाला होतात, ते डावखुरे होते."

"चूकच ती. कोटच सांगतो की." मोठीबाईंनी घडीच्या आत बोट घालून डावा खांदा दाखवला. खांद्यावर चामड्याचा तळहाताएवढा तुकडा शिवलेला होता, बंदुकीच्या दस्त्याचा दणका बसू नये म्हणून. घासून घासून गुळगुळीत झालेला. "बघा. डावा."

"हो, तेच मी वंशावळीत लिहिलंय," वंशावळवाला म्हणाला. "डावखुरे."

तो गेल्यावर मोठीबाईंनी कात्री खाली ठेवली. आतापर्यंत प्रश्न एकच होता, फाईल कुणी नेली. आता दुसरा उभा राहिला होता, आणि तो त्यांना जास्त बोचत होता. चाळीस वर्षं त्या ज्याच्या नावावर नाक वर करून चालल्या, तो माणूस विकला गेलेला होता का?

घडी घातलेला कोट उचलून ठेवताना अस्तराच्या खिशात काहीतरी टोचलं. त्यांनी ते बाहेर काढलं. केसांची पिन. काळी, आणि टोकाला एक खोटा मोती.

धाकटीचे केस कानाच्या वर कापलेले होते.

३

"ही तुझी," मोठीबाईंनी पिन थोरलीच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. विचारलं नाही. विचारलं की माणसाला उत्तर जुळवायला वेळ मिळतो.

थोरलीची पाचावर धारण बसली. "कुठे सापडली?"

"आजेसासऱ्यांच्या खिशात. ते पिना लावत नसत असं ऐकून आहे मी."

"आई, शप्पथ सांगते, फाईल मी घेतली नाही! मी फक्त..." ती लालबुंद झाली. "मी फक्त कोट घातला."

"काय केलंस?"

"सोमवारी दुपारी. तुम्ही आडव्या झाला होतात. मला वाटलं, उद्या मैदानाला नाव लागेल, समारंभ होईल, कोट काचेच्या पेटीत जाईल, मग कुणाला हात तरी लावता येईल का? म्हणून आरशासमोर घातला. पिन काढून खिशात टाकली, केस वर बांधले, हातात कापड मोजायचा गज घेतला, आणि," आवाज अगदीच खाली गेला, "नेम धरला."

"कशावर?"

"तुमच्या फोटोवर. समोर तोच होता, आई."

मोठीबाईंनी ओठ घट्ट मिटले. हसू आलं होतं, पण ते थोरलीला दाखवण्याइतकी तिची लायकी आज नव्हती.

"मग? घडी घातलीस?"

"मला कुठे येते कोटाची घडी? मी साधा शर्ट दुमडला तर तो बटाट्याच्या पोत्यासारखा दिसतो. तुम्ही उठल्याचा आवाज आला, तशी मी कोट गोळा केला, फाईलवर कोंबला आणि पळाले. फाईल तेव्हा होती. कोपरा टोचला मला."

हे खरं होतं. थोरली खोटं बोलायची तेव्हा नीटनेटकं बोलायची. इतकं लाजिरवाणं खोटं तिला रचताच आलं नसतं.

म्हणजे सोमवारी दुपारनंतर कुणीतरी कपाट उघडलं. आत चोळामोळा झालेला कोट बघितला. फाईल घेतली. तिथून निसटायचं सोडून उभं राहून कोटाची घडी घातली. चोर आहे की परीट? चोरीला आलेला माणूस असा थांबतो कशाला? थांबतो, कारण कोट तसा पडलेला त्याला बघवत नाही. हात ऐकत नाहीत. हे मोठीबाईंना कळलं, कारण त्याही थांबल्या असत्या.

पण मग पुन्हा काट्याचं टोक धाकटीकडेच.

"आणि जाता जाता ऐकून ठेवा," थोरली पिन केसांत खोचत म्हणाली, आता जरा धीर येऊन. "या घरात चोऱ्या आजच्या नाहीत. सोमवारच्या पेपरचं मधलं पान मला अजून मिळालेलं नाही. शब्दकोडं त्यातच असतं. त्याचा तपास कुणी करत नाही."

"तुझं कोडं गेलं खड्ड्यात," मोठीबाई म्हणाल्या, आणि रात्री जेवताना समोरची खुर्ची रिकामी राहिली.

४

बुधवारी सकाळी मोठीबाई दुकानात आल्या आणि नेहमीप्रमाणे सुयांच्या उशीकडे हात नेला. उशीत सुया होत्या. दोरा नव्हता.

गेली दोन वर्षं रोज सकाळी त्या उशीत दहा सुया दोरा ओवून तयार असायच्या. पाच काळ्या, तीन पांढऱ्या, दोन राखाडी. कुणी ओवल्या हे मोठीबाईंनी कधी विचारलं नव्हतं आणि धाकटीनं कधी सांगितलं नव्हतं. "पोरगी टापटिपीची आहे," असं मोठीबाई मनाला सांगत. मनही तेवढ्यावर गप्प बसे.

आज त्यांनी सुई घेतली, दोरा घेतला. दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं. सुईचं नेढं दिसेना. खिडकीशी गेल्या, दिव्याखाली गेल्या, चष्मा काढला, घातला. दोरा सुईच्या डावीकडून गेला, उजवीकडून गेला, एकदा बोटात गेला. पाऊण तास. सत्तरी ओलांडलेली बाई, जिच्या हातचे कोट घालून तीन वकील न्यायाधीश झाले, ती एका सुईपुढे रडकुंडीला आली.

रडणं त्यांना जमत नसे, म्हणून त्यांनी ज्याला डोळ्यांची गरज नाही असं काम शोधलं. कोट हवेला टाकावा म्हणून घडी मोडली. इतके दिवस त्या या कोटाकडे अभिमानानं नुसतं बघत आल्या होत्या. आज बघण्यावर भरवसा नव्हता, म्हणून बोटं फिरली.

खांद्यात काहीतरी कुरकुरलं.

त्यांनी हात आत घातला. उजव्या खांद्यात कागदाची गुंडाळी, डाव्या खांद्यात दुसरी. म्हणून खांदे भरदार दिसत होते! काल कपाटात बघून घडी ओळखली, बोलून मोकळ्या झाल्या. आत काय आहे ते बघायची तसदी घेतली नाही. त्यांनी एक गुंडाळी टेबलावर सपाट केली. अक्षरं धूसर होती. पण काळे-पांढरे चौकोन त्यांनाही दिसले.

थोरलीचं शब्दकोडं.

मोठीबाई खाली बसल्या. खांद्यात कागद भरून कोट घडी करायची ही सासऱ्यांची पद्धत. खांद्याचा आकार बसू नये म्हणून. पुढे दुकानात लाकडी हँगर आले आणि तीस वर्षांपूर्वी ती पद्धत बंद झाली. धाकटीला घडी त्यांनी शिकवली होती, पण कागद? कागद तिला माहीतच नव्हता. सासऱ्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आता जगात दोनच उरली होती.

एक त्या स्वतः.

कोट पुन्हा हातात घेतला तेव्हा बोटं उजव्या खांद्यावरून गेली आणि थबकली. कापडाला बारीक बारीक खडबड होती. एका ओळीत. गोलाकार ओळीत.

५

भाऊजी वरच्या खिडकीशी पेपर वाचत होते. मोठीबाईंनी कोट त्यांच्या मांडीवर टाकला आणि त्यावर चुरगळलेलं पान ठेवलं.

"मधलं पान सापडलं, भाऊजी. उभं सात, आडवं चार, आणि तिरका माणूस एक."

भाऊजींनी पान बघितलं. पेपर खाली ठेवला. चष्मा पुसला. पोस्टात लागायच्या आधी पंचविशीपर्यंत ते वडिलांच्या दुकानात बसत होते, हे घरातल्या पोरींना ठाऊकही नव्हतं.

"हातांनी दगा दिला, वहिनी," ते म्हणाले. "फाईल घेतली आणि निघालो होतो. पण कोट असा पडलेला... बाबांनी बघितलं असतं तर पट्टी मारली असती मला. आज अडुसष्टाव्या वर्षी मला त्या पट्टीची भीती वाटली, बघा."

"कुठे आहे?"

त्यांनी गादी उचलली. फाईल तिथे, सपाट.

"रविवारी चाळली मी. तुम्ही वाचणार नाही, हे माहीत होतं. पण कमिटीपुढे कुणीतरी मोठ्यानं वाचणार. 'विकला गेला'. आणि तुम्ही तिथे पहिल्या रांगेत मान ताठ करून बसलेल्या. मला ते बघवलं नसतं, वहिनी."

"माझ्या मानेची काळजी केलीत. आणि धाकटीची मान? ती काय उसनी आणलीय?" मोठीबाई कडाडल्या. "कालपासून ती पोरगी चोर ठरून खोलीत बसलीय आणि तुम्ही इथे पेपर वाचताय!"

भाऊजींनी खाली बघितलं. "काल दहा वेळा जिना उतरलो. दहा वेळा चढलो. फाईल परत ठेवली तर बदनामी तुमची, नाही ठेवली तर तिची. मला धैर्य झालं नाही. पोस्टात आयुष्य काढलेला माणूस मी, पत्रं दुसऱ्यांची पोचवली."

"रागवायचं ते मी नंतर रागावणार आहे, सावकाश," मोठीबाई म्हणाल्या. "आधी सांगा, ती बातमी वाचा. बाकाचं काय लिहिलंय ते."

भाऊजींनी कात्रण शोधलं. "'सामन्याआरंभी नेमबाजाने बाक फिरवून मागितला. पंचांनी क्षणभर हरकत घेतली, कारण गेली अकरा वर्षे तो याच बाकावर, याच बाजूने...'"

"थांबा. माझ्या आजेसासऱ्यांना जर जन्मापासून डाव्या खांद्यावर बंदूक धरायची सवय होती, तर अकरा वर्षं चाललेला बाक बाराव्या वर्षी फिरवायचं कारण काय?"

भाऊजींनी कात्रण खाली ठेवलं.

"आता इथे बोट लावा. उजव्या खांद्यावर."

त्यांनी लावलं. एकेकाळचा कारागीर, बोटांना लगेच कळलं. "भोकं आहेत. सुईची. गोल टीप होती इथे."

"आता डोळे तुमचे वापरा, माझे नकोत. रंग बघा."

भाऊजींनी कोट खिडकीशी धरला. "उडालेला नाही! सगळा कोट मातकट झालाय, पण इथे तळहाताएवढी जागा अजून हिरवीगार. वहिनी, इथे काहीतरी शिवलेलं होतं, कितीतरी वर्षं. चामड्याचा तुकडा इथे होता!"

"इथे होता. मग उसवला आणि डाव्या खांद्यावर लावला. तुकडा तोच. डाव्याची कड उचलून बघा, खालचं कापड उडालेलंच असणार. म्हणजे उडाल्यावर तुकडा वर बसला." मोठीबाई आता बसल्या. "चित्रकार चुकला नव्हता, भाऊजी. चुकलो आपण. कोटाचा डावा खांदा बघितला आणि पिढ्यान्‌पिढ्या सांगत बसलो, अचूक डावखुरे. माणूस उजवा होता. उजव्या खांद्यावर बंदूक, उजव्या डोळ्यानं नेम. अकरा वर्षं. मग खांदा बदलला. उजव्या हाताचा नेमबाज खांदा कशासाठी बदलेल?"

भाऊजींनी नकळत स्वतःचा उजवा डोळा हातानं झाकला.

"डोळा गेला," ते पुटपुटले.

"डोळा गेला. आणि कुणाला सांगितलं नाही. शिंप्याकडेसुद्धा गेले नाहीत, कारण शिंपी बोलका. हा डावा तुकडा बघा, टाके केवढे वाकडेतिकडे आहेत. घरच्या बाईनं लावलाय, जिनं तोवर नीट सुई धरलेली नव्हती." मोठीबाईंनी त्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. "आणि हा तुकडा डाव्या खांद्यावर आल्यावर त्याची कड बघा, कशी घासलीय. टाक्यांचा दोरासुद्धा झिजलाय. एका सामन्यात होत नाही हे. महिनोन्‌महिने गुपचूप सराव केलाय त्यांनी दुसऱ्या खांद्यावर, दुसऱ्या डोळ्यानं. आता तुम्ही सांगा. हरायचं ठरवून पैसे खाल्लेला माणूस एवढा घाम गाळतो का?"

भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही. तो घरी झोपतो."

"दहातल्या चार लागल्या," मोठीबाई म्हणाल्या. "आयुष्यभर उजव्यानं मारलेल्या माणसाच्या, डाव्यानं चार लागल्या. यापुढे या घरात मोजायच्या तर त्या चार मोजा."

त्यांनी कोट छातीशी धरला. विकला गेला म्हटलेलं अचूकना चाललं. आंधळा होत चाललोय, हे म्हणवलं नाही. केवढा हा ताठा! जगाची शिवी घेतली, पण खरं बोलून कुणाची दया घेतली नाही.

आणि मग मोठीबाईंना पाऊण तास ज्या सुईशी झटल्या ती सुई आठवली, आणि त्या उठून धाकटीच्या खोलीकडे निघाल्या.

६

धाकटीची बॅग पलंगावर होती. अर्धी भरलेली. मोठीबाई दारात उभ्या राहिल्या. माफी कशी मागतात हे त्यांना ऐकून माहीत होतं, करून नाही.

"फाईल सापडली. भाऊजींनी नेली होती. तुझे पाय धरायला निघाले होते, मी म्हटलं नको, वाकताना पडाल." धाकटीनं आणखी एक घडी बॅगेत ठेवली. "मी घडी बघितली आणि तुझं नाव घेतलं. आत हात घालून बघितलं असतं तर कालच कळलं असतं. बारा वर्षं तुझे हात बघतेय आणि ऐन वेळी ओळखले नाहीत. चूक माझी. थोरलीसमोर म्हणायला सांगशील तर थोरलीसमोर म्हणते, वंशावळवाल्यासमोर म्हणायला सांगशील तर त्याच्यासमोर. तो तसाही भिंतीकडे बघतो."

धाकटीच्या ओठाचा कोपरा हलला, पण बॅगेची चेन तिनं हातात धरली होती.

"आई, आज सुई ओवलीत?"

या प्रश्नाला मोठीबाईंकडे पन्नास उत्तरं होती. दुकान बंद होतं. काम नव्हतं. दोरा जाड होता.

"नाही," त्या म्हणाल्या. "दिसत नाही मला. दोन वर्षं झाली. कापडाची उलटी-सुलटी मी बोटानं ओळखते. माणसं आवाजावरून."

धाकटीनं चेन सोडली. "हे ऐकायला मला घर सोडायची तयारी करावी लागली होय?"

"मग? जातेस की राहतेस?"

"अट आहे एक."

"माझ्या घरात मला अटी?"

"हो."

पाचला कमिटीपुढे वंशावळवाल्यानं फाईल वाचली, सगळी, बातमीसकट. मोठीबाईंनीच सांगितलं होतं की एक ओळ गाळलीत तर मापापेक्षा दोन बोटं आखूड कोट शिवीन. मग त्यांनी कोट टेबलावर पसरला आणि एकेका मेंबराचं बोट धरून त्या भोकांवरून फिरवलं. क्लबाचा म्हातारा सेक्रेटरी, स्वतः नेमबाज, एक डोळा मिटून कितीतरी वेळ उभा राहिला. मग म्हणाला, मैदानाला नाव द्यायचं की नाही हा विषय आता उरलाच नाही. पाटीवर अकरा ढाली लिहायच्या आणि त्या चार गोळ्याही.

शुक्रवारी धाकटीची अट पुरी झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या अंधाऱ्या खोलीत मोठीबाई उंच खुर्चीवर बसल्या, हनुवटी लोखंडी पट्टीवर, समोर दिवा. डॉक्टर तरुण होती आणि तिला वेळ नव्हता.

"मोतीबिंदू," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यांत. काढला की छान दिसेल."

"काढला की?" मोठीबाईंचा आवाज चिरकला. "म्हणजे गेले नाहीत?"

"कुठे जाणार? झाकलेत नुसते. आधी का नाही आलात?"

दोन वर्षं उराशी बांधलेली धोंड कुणीतरी एका वाक्यात सोडवून बाजूला ठेवली होती. डॉक्टर कागद भरत पुढे विचारत गेली, साखर, रक्तदाब, वय. वयात मोठीबाईंनी चार वर्षं चोरली, मागून धाकटीनं ती परत केली.

"ऑपरेशननंतर महिनाभर दिवसातून चार वेळा औषध घालायला माणूस लागेल," डॉक्टर म्हणाली. "घरी आहे का कुणी?"

"मी आहे की," धाकटी म्हणाली. "मी कुठे जातेय?"

डोळ्यांत घातलेल्या थेंबांनी मोठीबाईंना समोरचं काहीच दिसत नव्हतं. पण कान शाबूत होते.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "महिन्याऐवजी दोन महिने लिहा."